पेशवाईचा वारसा आणि मावळची वाट

पुण्याहून मुंबईकडे जाणारी गाडी मळवलीच्या स्टेशनात शिरली म्हणजे डाव्या हातास दोन किल्ले दिसतात. अलीकडचा विसापूर व पलीकडचा लोहगड. उजव्या हातास कार्ल्याची लेणी आणि एकवीरेचा डोंगर. प्रवासी बहुधा लेण्यांकडे पाहतात, आणि पावसाळ्यात हौशी मंडळी भाजे गावावरून लोहगडाची वाट धरतात. या दोन डोंगरांमधून जी सखल पट्टी बोरघाटाकडे जाते, ती एका जुन्या प्रश्नाची साक्षीदार आहे, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. राज्याचा कारभार हाकणारा पुरुष मरण पावला असता त्याच्या जागी कोणी बसावे, आणि ते कोणी ठरवावे, हा तो प्रश्न. तो मराठी राज्यात वारंवार उभा राहिला, आणि त्याच्या उत्तरासाठी झालेली मोठी लढाई याच पट्टीत, कार्ल्यापासून वडगावापर्यंत, लढली गेली.

आरंभापासून पाहू गेल्यास पेशवा हे वंशपरंपरेचे पद मुळीच नव्हते. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत तो मुख्य प्रधान, म्हणजे पगारी अधिकारी होता. बापाच्या मागून मुलाने त्या जागेवर बसावे असा नियम नव्हता. पुढे शाहू महाराजांच्या काळात हे मोडले, आणि कसे मोडले याची हकीकत मावळातूनच सुरू होते. १७१३ साली बहिरोपंत पिंगळे हे पेशवे कान्होजी आंग्र्यांवर चालून गेले आणि उलट त्यांच्याच कैदेत पडले. लोहगडही आंग्र्यांच्या हाती गेला. राज्याचा मुख्य प्रधान आपल्याच एका सरदाराच्या बंदीत आहे, अशा अवघड वेळी शाहूंनी बाळाजी विश्वनाथ भट यांस पेशवाईची वस्त्रे दिली. बाळाजीपंतांनी तलवारीऐवजी बोलण्याचा मार्ग धरला. लोणावळ्यानजीक वलवण येथे त्यांची व कान्होजींची भेट झाली, आणि १७१४ च्या तहाने आंग्रे शाहूंच्या बाजूस आले. मोठे काम करून दाखवणाऱ्या माणसास मोठे पद मिळाले, एवढाच त्या नेमणुकीचा अर्थ होता.

परंतु १७२० साली बाळाजीपंत वारले, तेव्हा शाहूंनी पंधरा दिवसांच्या आत त्यांच्या मुलास, बाजीरावास, वस्त्रे दिली. दरबारात प्रतिनिधी आदी जुन्या मंडळींस हे रुचले नव्हते. बाजीरावाचे वय तेव्हा एकोणीस. १७४० साली बाजीराव गेले आणि त्यांचा मुलगा बाळाजी, म्हणजे नानासाहेब, पेशवा झाला. तोही एकोणीस वर्षांचाच. या वेळी रघूजी भोसल्यांनी बारामतीचे बाबूजी नाईक जोशी यांचे नाव पुढे केले होते, म्हणजे पद एकाच घरात राहिले पाहिजे असे तोपर्यंतही सर्वांनी मानलेले नव्हते. शाहूंनी नाईकांस बाजूस सारले, आणि यानंतर भटांच्या घराबाहेर पेशवा शोधण्याची भाषा संपली. बाजीराव व नानासाहेब कर्तबगार निघाले, म्हणून या प्रथेतला धोका त्या पिढीस दिसला नाही. राज्याने प्रथा स्वीकारली ती दोन माणसांच्या गुणांवर.

१७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज निवर्तले. पाठोपाठ सत्तेची सूत्रे साताऱ्याहून पुण्यास आली. पेशव्याची वस्त्रे मात्र पुढेही साताऱ्याहूनच यावयाची. ज्यास ती मिळतील तो कायदेशीर पेशवा. प्रत्यक्षात छत्रपतींवर पुण्याचा पहारा, आणि पुण्याची सत्ता ज्याच्या हाती असेल त्याच्याकडे वस्त्रे धाडणे साताऱ्यास भाग. ज्याने निवड करावयाची तोच निवडलेल्याच्या मुठीत, असा हा उलटा व्यवहार होता. वारशाचा तंटा निघाला तर निवाडा करणारा कोणी उरलाच नाही.

तंटा निघावयास फार वेळ लागला नाही. पानिपतावर १७६१ च्या जानेवारीत नानासाहेबांचा थोरला मुलगा विश्वासराव व चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ गेले. त्याच वर्षी जूनमध्ये खुद्द नानासाहेबही गेले. दुसरा मुलगा माधवराव सोळा वर्षांचा होता. त्याचे चुलते रघुनाथराव, म्हणजे दादासाहेब, प्रौढ, लढवय्ये, उत्तरेत पराक्रम केलेले. एकीकडे थोरल्या शाखेचा अल्पवयी मुलगा, दुसरीकडे हयात असलेला अनुभवी चुलता. अशा वेळी हक्क कोणाचा, याविषयी लेखी नियम नव्हता, आणि पूर्वीचा दाखलाही नव्हता. वस्त्रे माधवरावास मिळाली व कारभार चुलत्याने पाहावा असे ठरले. हे जमले नाही. पुतण्याशी दादासाहेब दोनदा उघड लढले, एकदा १७६२ साली आळेगावास व पुन्हा १७६८ साली धोडपास. माधवराव होता तोवर त्याच्या करड्या स्वभावाने हा तंटा दबून राहिला. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरास तो क्षयाने वारला. मरण्यापूर्वी त्याने धाकटा भाऊ नारायणराव यास चुलत्याच्या ओटीत घातले. नियमाच्या अभावी त्याच्याजवळ शपथेखेरीज दुसरे काय होते?

नारायणराव पेशवा झाला सतराव्या वर्षी. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी त्याचा खून केला. त्यास धरावे असा मूळ हुकूम होता आणि कोणी तरी ‘ध’ चा ‘मा’ केला, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक घरात ठाऊक आहे. अक्षर कोणी बदलले याचा खल पिढ्यान्‌पिढ्या चालला. परंतु पेशव्यास कैद केल्याने आपण पेशवे होऊ, असे एका शहाण्या पुरुषास वाटावे, हीच मुळात विचार करण्याजोगी गोष्ट आहे. ज्या राज्यात वाड्याचा दरवाजा ताब्यात असला की गादी ताब्यात येते, तेथे ‘धरावे’ आणि ‘मारावे’ यांत अंतर थोडेच राहते.

दादासाहेबांस साताऱ्याहून वस्त्रे आली. कायद्याने पाहता ते पेशवे झाले. रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांच्या माथी दोष ठेवला, तरी न्यायाधीशाच्या निकालाने पेशवा पदच्युत व्हावा अशी काही तरतूद नव्हती. तेव्हा सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे इत्यादी कारभारी मंडळी एक झाली. नारायणरावाची विधवा गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदर किल्ल्यावर नेऊन तिच्या नावाने या मंडळींनी कारभार सुरू केला. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला, आणि चाळिसाव्या दिवशी त्या मुलास, सवाई माधवरावास, पेशवाईची वस्त्रे मिळाली. ज्या साताऱ्याने सात महिन्यांपूर्वी चुलत्यास वस्त्रे दिली होती त्यानेच ती आता पाळण्यातल्या मुलास दिली.

यासच बारभाईंचे कारस्थान म्हणतात. मराठी भाषेने बारभाईंवर थोडा अन्याय केला आहे. बारभाईची शेती म्हणजे कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही असा गोंधळ, असे आज समजतात. वास्तविक एका व्यक्तीच्या हाती राज्य न ठेवता मंडळाने ते चालवावे, हा त्या काळच्या हिंदुस्थानात विलक्षण प्रयोग होता. खुनाचा लाभ खून करविणाऱ्यास मिळू द्यावयाचा नाही, एवढ्या एका तत्त्वावर ही माणसे उभी राहिली. त्यांच्यात आपसांत हेवेदावे होते, हे खरे. मोरोबा फडणीस तर १७७८ साली उलटलेच. तरीही त्या बाळाची गादी टिकली.

पाच पेशव्यांची राज्यारोहणाची वये ओळीने मांडली तर एकोणीस, एकोणीस, सोळा, सतरा आणि अखेर चाळीस दिवस अशी होतात. गादीवरील माणूस जसजसा लहान होत गेला तसतसा मागचा कारभारी मोठा होत गेला. सत्ता साताऱ्याहून पेशव्याकडे सरकली होती. तीच आता पेशव्याकडून फडणिसाकडे सरकली.

ज्याचा हक्क निवाड्यावाचून फेटाळला जातो तो बाहेरचा आधार शोधतो. दादासाहेबांनी तो मुंबईकर इंग्रजांत शोधला. १७७५ च्या मार्चमध्ये सुरतेच्या तहाने त्यांनी साष्टी व वसई देऊ केली आणि त्या बदल्यात फौज मागितली. साष्टी इंग्रजांनी काही महिने आधी घेऊनच टाकली होती. दादासाहेबांच्या सहीने त्या लुटीस हक्काचे रूप आले. कलकत्त्याच्या वरिष्ठांना हा व्यवहार पसंत पडला नाही, आणि १७७६ साली पुरंदरचा तह होऊन तो मागे पडला. याच साली मावळाने आणखी एक वारस पाहिला. पानिपतावर नाहीसे झालेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे सांगणारा एक तोतया रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, कोकणातील किल्ले घेत घाट चढून राजमाचीपर्यंत आला. महादजी शिंद्यांच्या फौजेने त्याचा मोड केला व पुण्यात त्यास देहान्त शिक्षा झाली. हजारो लोक त्याच्यामागे गेले होते. गादीचा खरा धनी कोण हे जेथे लोकांस निश्चित ठाऊक नसते, तेथे मेलेली माणसेही हक्क सांगावयास परत येतात.

१७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईकरांनी पुन्हा दादासाहेबांस पुढे केले. सुमारे ३,९०० लोकांची फौज पनवेलच्या वाटेने निघाली. बरोबर तोफा, सामान आणि ते वाहणारे सुमारे १९,००० बैल. कर्नल एजर्टन सेनापती, परंतु त्यावर एक समिती नेमलेली, आणि तिच्यात कार्नाक व मॉस्टिन. हा मॉस्टिन नारायणरावाच्या खुनाच्या वेळी इंग्रजांचा वकील म्हणून पुण्यातच होता. वारशाचा तंटा त्याने जवळून पाहिलेला. तोही वाटेत आजारी पडून परत गेला व १७७९ च्या पहिल्याच दिवशी मुंबईस वारला.

या मोहिमेचा सगळा हिशोब एका समजुतीवर उभा होता. फौज घाट चढून वर आली की मोठे सरदार दादासाहेबांस येऊन मिळतील, ही ती समजूत. घाट चढून झाला, खंडाळा मागे पडले, कोणीही आले नाही. महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांनी मोठी लढाई न देता इंग्रजांच्या दोन्ही अंगांस घिरट्या घातल्या. गावे ओस केली, गवत जाळले, रसद तोडली. फौजेची वाटचाल दिवसास अर्धा कोसही होईना. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्यापाशी कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. शत्रू असूनही मराठ्यांनी त्याच्या शौर्याची वाखाणणी करून त्यास ‘इष्टुर फाकडा’ हे नाव दिले, आणि ते मावळात अजून टिकून आहे. ९ जानेवारीस फौज तळेगावास पोहोचली तर गाव जळलेले. पुणे तेथून दीड-दोन मजलांवर. परंतु पुढे जाण्याची हिंमत समितीस झाली नाही. ११ च्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून, सामान जाळून, त्यांनी माघार घेतली. पहाटेपूर्वीच मराठ्यांनी त्यांस गाठले आणि वडगावास चोहोंकडून कोंडले.

जानेवारीच्या मध्यास वडगावचा करार झाला. माधवरावाच्या मृत्यूनंतर इंग्रजांनी घेतलेला सगळा मुलूख परत करावा आणि बंगालहून येणारी फौज माघारी फिरवावी, असे ठरले. दादासाहेब महादजींच्या स्वाधीन झाले. ज्या माणसास गादीवर बसविण्यासाठी ही फौज आली, त्यास छावणीत सोडून ती परत गेली. मुंबई व कलकत्ता या दोन्ही सरकारांनी पुढे करार नाकारला, दादासाहेब वाटेत निसटून पुन्हा इंग्रजांकडे गेले, १७८१ साली जनरल गॉडर्ड पुन्हा बोरघाटापर्यंत येऊन परतला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने सवाई माधवराव हाच पेशवा हे इंग्रजांनी मान्य केले. दादासाहेब कोपरगावी राहिले व १७८३ साली वारले.

वडगावचा विजय महादजींच्या युद्धकौशल्याचा म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. त्याचे दुसरे कारण असे की एकाही वजनदार सरदारास परकीयांच्या बैलगाड्यांतून आलेला पेशवा नको होता. वस्त्रे, शिक्के-कट्यार, वडीलकी ही सगळी दादासाहेबांच्या बाजूने मांडता आली असती. लोकांची मान्यता तेवढी मांडता आली नाही.

हाच प्रश्न आफ्रिकेतील नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांपुढे विसाव्या शतकात आला, आणि तेथील दोन दाखले मावळची हकीकत समजण्यास उपयोगी पडतात. टोगो देशाचे राष्ट्राध्यक्ष एयादेमा ५ फेब्रुवारी २००५ रोजी वारले. राज्यघटनेप्रमाणे विधिमंडळाच्या अध्यक्षाने तात्पुरती सूत्रे घ्यावयाची. ते गृहस्थ परदेशी होते. लष्कराने सरहद्द बंद केली आणि मृताचा मुलगा फोर यास पुढे केले. विधिमंडळाने घाईने त्याच्या सोयीचे ठराव केले. शेजारी राष्ट्रांनी दडपण आणले तेव्हा तीन आठवड्यांत त्यास पद सोडावे लागले, आणि एप्रिलच्या निवडणुकीने तो पुन्हा त्याच खुर्चीवर बसला. तेथेही वस्त्रे मागाहून आली. मलावीचे राष्ट्राध्यक्ष बिंगू वा मुथारिका ५ एप्रिल २०१२ रोजी गेले. उपाध्यक्षा जॉइस बांडा यांचे त्यांच्याशी वाकडे आलेले, पक्षातून त्यांस काढून टाकलेले. राष्ट्राध्यक्षांचे भाऊ पीटर यांस गादी मिळावी अशी काही मंत्र्यांची खटपट होती, आणि मृत्यूची अधिकृत वार्ताही दोन दिवस दडवली गेली. तथापि उपाध्यक्षाने जागा घ्यावी असे घटनेत स्वच्छ लिहिलेले होते. सेनापती घटनेच्या बाजूस राहिला, आणि ७ तारखेस बांडाबाईंनी शपथ घेतली. पीटर मुथारिका २०१४ साली निवडून आले, बांडाबाई हरल्या. भावास गादी मिळाली ती दोन वर्षांनी, मतपेटीतून. दादासाहेबांस असा मार्ग मोकळा असता तर ते सुरतेस गेले असते की नाही, हा तर्काचा विषय आहे. तो मार्ग त्यांस नव्हता, हे मात्र निश्चित.

बारभाईंनी गादीवर कोणी बसावे हे सोडवले. गादीमागे कोणी बसावे, हे त्यांनी सोडवले नाही. मंडळातील एकेक माणूस गळत गेला आणि सर्व दोर एकट्या नाना फडणिसांच्या हाती आले. नानांची दक्षता, त्यांचे बातमीदार, त्यांचा हिशोब यांच्या कथा पुष्कळ आहेत. लोहगड त्यांनी आपल्या विश्वासातील धोंडोपंत नित्सुरे यांच्याकडे ठेवला, १७८९ च्या सुमारास दरवाजे व पायऱ्या मजबूत केल्या, तळी बांधली. आज भाज्याच्या बाजूने गड चढणारास जे एकापाठोपाठ एक दरवाजे लागतात, त्यांत एका सावध कारभाऱ्याची चिंता दगडातून वाचता येते. आपल्या द्रव्यासाठी त्यांनी गड शोधला. आपल्या जागेसाठी माणूस तयार केला नाही. पेशव्यास तर त्यांनी इतक्या धाकात वाढविले की एकविसाव्या वर्षीही तो स्वतंत्र कारभारी झाला नाही. नानांचे भक्त याविषयी फारसे बोलत नाहीत.

२५ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून पडला आणि दोन दिवसांनी वारला. मूल नव्हते. मग पुढील वर्षभर जे झाले ते सारीपाटासारखे आहे. दादासाहेबांचा मुलगा बाजीराव नको म्हणून त्याच्या धाकट्या भावास, चिमाजी अप्पास, मृत पेशव्याच्या विधवेच्या मांडीवर दत्तक देऊन वस्त्रे दिली. म्हणजे चुलता पुतण्याचा मुलगा झाला! परशुरामभाऊ पटवर्धन, दौलतराव शिंदे व नाना यांनी बाजू बदलल्या, दत्तविधान रद्द ठरले, आणि १७९६ च्या डिसेंबरात दुसऱ्या बाजीरावास वस्त्रे मिळाली. वस्त्रे देणाऱ्या साताऱ्यास कोणी काही विचारले नाही. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले. त्यांस पुत्र नव्हता, आणि शिष्यही नव्हता. त्यांची अल्पवयी विधवा जिऊबाई हिला आश्रयासाठी लोहगडच गाठावा लागला.

१८०२ साली यशवंतराव होळकराने पुण्यापाशी विजय मिळवून दादासाहेबांचे दत्तक पुत्र अमृतराव यांच्या मुलास गादीवर बसविण्याचा घाट घातला, तेव्हा बाजीराव वसईस पळाला आणि ३१ डिसेंबरास इंग्रजांशी तह करून बसला. बापाने सुरतेस देऊ केले ते साष्टी-वसई एवढेच. मुलाने राज्याचे स्वातंत्र्य दिले. या वेळी घाट चढून आलेल्या फौजांस कोणी वडगावास अडविले नाही. ४ मार्च १८१८ रोजी प्रॉथरने विसापूर घेतला, आणि समोरचा लोहगड दुसऱ्या दिवशी न लढता रिकामा झाला. नानांच्या दरवाजांवर गोळी झाडण्याची वेळही आली नाही.

बाजीराव जूनमध्ये शरण आला व सालीना आठ लाखांच्या तनख्यावर गंगाकाठी ब्रह्मावर्तास राहिला. तेथे त्याने धोंडोपंत नावाचा मुलगा दत्तक घेतला. १८५१ च्या जानेवारीत बाजीराव वारला, तेव्हा या मुलाने, म्हणजे दुसऱ्या नानासाहेबाने, तनख्यावर वारस म्हणून हक्क सांगितला. कंपनीने उत्तर दिले की तनखा व्यक्तीचा होता, घराण्याचा नव्हता. १८५३ साली अजीमुल्लाखान हा त्याचा वकील दाद मागण्यास विलायतेस गेला आणि रिकाम्या हाताने परत आला.